काय नाव टाकायचं?

आप्पांचं पहिलं पुण्यस्मरण मागच्या महिन्यात झालं. भावानं जेवायला आलेल्या प्रत्येकाला स्टीलचा एकेक डबा दिला. झाकणावर आप्पांचं पूर्ण नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. अक्षरं पेपरात छापल्यासारखी, एकसारखी. कॉम्प्युटरनं टाकलेली. लोकांनी डबे फिरवून फिरवून बघितले आणि काम लई छान झालंय म्हणाले. मला आवडलं नाही. तसं मी भावाला तोंडावर सांगितलं, आणि त्यानंही मला तोंडावर सुनावलं, "अक्का, तुला कधी काय आवडलंय?" त्याचंही चूक नाही. मी आहेच जरा तशी.

पण माझं म्हणणं तरी ऐकून घ्या. आमचे आप्पा म्हणजे वडील. रेणापुरात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. चाळीसएक वर्षं तिथं बसून त्यांनी तालुक्याच्या भांड्यांवर हातानं नावं टाकली. आधी बारीक छिन्नी आणि हातोडी असायची, एकेक टिंब ठोकत अक्षर काढायचं. नंतर विजेवरची मशीन आली, पेनासारखी हातात धरायची, गुर्र करत स्टीलवर चालायची. कुणाच्या घरचं माणूस गेलं की वर्षभरानं स्मरणाच्या भांड्यांची ऑर्डर आमच्याकडंच यायची. आणि त्यांच्याच नावाची वेळ आली तेव्हा दुकानात हातानं नाव टाकणारं कुणी उरलं नव्हतं.

खरं सांगायचं तर माझा राग त्या डब्यांवर नाहीच. तो जुना आहे, तीस वर्षांचा. आप्पांनी सगळ्या तालुक्याच्या पोरींच्या भांड्यांवर नावं टाकली आणि स्वतःच्या पोरीच्या भांड्यांवर टाकलं नाही. माझा संसार बिननावाच्या भांड्यांवर झाला. का, ते मला त्यांच्या शेवटच्या वर्षात कळलं. तोपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात फार बोलून घेतलं होतं.

आमच्याकडं लग्नात पोरीला भांडी देतात. मामा पाच भांडी देतो, माहेरचे बाकीचा संसार देतात, आणि त्या प्रत्येक भांड्यावर पोरीचं नाव असतं. ते नुसतं मिरवायला नसतं. गावात कुणाच्याही घरी कार्य निघालं की दहा घरची पातेली, पराती, बादल्या एका जागी येतात आणि कार्य उरकल्यावर नाव वाचूनच ज्याच्या त्याच्या घरी जातात. बिननावाचं भांडं जे जातं ते जातं. म्हणून दुकानात भांडी पसंत झाली की गिऱ्हाईक वजन करून घ्यायचं, जुन्या पितळेची मोड द्यायचं आणि मग नाव टाकायला आप्पांच्या समोर बसायचं.

इथं आप्पांचा एक नेम होता. लग्नातली भांडी असली की पोरगी समोर पाहिजे. बाप, चुलते, मामा असे चार-पाच जण आले आणि पोरगी घरी राहिली, तर आप्पा भांडी बांधून द्यायचे पण मशीनला हात लावायचे नाहीत. कारण आमच्याकडं लग्नात पोरीचं नाव बदलतात. कुणाचं बदलतं, कुणाचं नाही बदलत, कुणाला बदललेलं आवडतं, कुणाला रडू येतं. आप्पा म्हणायचे, कागदावरचं नाव खोडता येतं, भांड्यावरचं पोरीला जन्मभर घासावं लागतं. पुरुष माणसं चिडायची. तिला काय कळतं, आम्ही सांगतो ते टाका, म्हणायची. आप्पा हसून विचारायचे, "भांडी घासायची तिला का तुमाला?" मग पुढच्या खेपेला पोरगी यायची, लाजत बाकड्याच्या कडेला टेकायची, आणि आप्पा मान वर करून विचारायचे, "बाई, काय नाव टाकायचं?"

मी लहानपणी शाळा सुटली की दुकानात बसायची, त्यामुळं हे मी शेकड्यानं बघितलंय. पोरी आधी बापाकडं बघायच्या. आप्पा म्हणायचे, तिकडं बघू नको, मला सांग. कुणी नवऱ्याकडचं नाव सांगायची, कुणी माहेरचंच सांगायची, एक जण तर दोन्ही टाका म्हणाली होती आणि आप्पांनी दोन्ही टाकली, एक वर, एक खाली. अक्षर टाकताना ते आधी वरची रेघ ओढायचे आणि मग एकेक अक्षर तिला खाली अडकवायचे. रेघ कधी हलली नाही त्यांची.

घरात ते तसे साधेच होते. सकाळी पूजा, मग दुकान, दुपारी घरी जेवण आणि अर्धा तास झोप. बाजाराच्या दिवशी भाजी स्वतः आणायचे आणि आईनं नावं ठेवायच्या आत स्वतःच भाजीला नावं ठेवायचे, वांगी यंदा काही खरी न्हाईत म्हणून. आम्हाला कधी हात लावला नाही. एक खोड मात्र होती आणि तिच्यापायी आई शरमेनं मरायची. कुणाच्या लग्नात पंगतीला बसले की आप्पा वाटी उलटी करून तिच्यावरचं नाव वाचायचे. कधी वाटीत आमटी वाढून झालेली असली तर आधी ती पिऊन टाकायचे. मग शेजाऱ्याला सांगायचे, हे माझं न्हाई, उदगीरचं हाय, रेघ बघा कशी खाली गेलीय.

असा हा माणूस. आणि त्यानं माझ्या वेळी काय केलं ते आता सांगते.

मी लातूरला डी.एड. करत होते, शेवटचं वर्ष. बिलोलीकडचं स्थळ आलं. मुलगा नोकरीवाला, घरचं शेत, माणसं बरी वाटली. मलाही नाही म्हणण्यासारखं काही दिसलं नाही. यादी झाली, म्हणजे देण्याघेण्याचं ठरलं, तारीख ठरली आणि मी उरलेली परीक्षा द्यायला परत होस्टेलवर गेले. मागं त्यांच्याकडून चिठ्ठी आली. सुनेचं नाव आमच्याकडं बदलतात, पत्रिकेवरून हे नाव निघालंय, भांड्यांवर हेच टाकावं. लग्नसराईचे दिवस, दुकानात उभं राहायला जागा नाही. आप्पांनी दोन दिवस बसून माझ्या एक्कावन्न भांड्यांवर ते नाव टाकलं.

मला विचारलं नाही.

मी शनिवारच्या एसटीनं आले. घरी जायच्या आधी दुकान लागतं, म्हणून तिथंच उतरले. दुकानाच्या पुढं पांढरी चादर अंथरून त्यावर भांडी मांडली होती. हंडा, कळशी, परात, बगुणी, डब्यांची उतरंड, ताटं, वाट्या. चांगल्या घरची ऑर्डर झाली की आप्पा अशी मांडून ठेवायचे, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावी म्हणून. मी वाकून हंड्यावरचं नाव वाचलं. अक्षर फार सुरेख पडलं होतं. आप्पांकडं कित्येक वर्षं कामाला असलेले एक काका होते, त्यांना मी विचारलं, कुणाची हो भांडी? लई सुंदर झालीत.

ते हसले. "कुणाची म्हंजे? तुझीच की अक्का."

मी परत वाचलं. नाव वाईट नव्हतं. देवीचंच होतं. पण ते माझं नव्हतं. मी त्या चादरीपुढं उभी होते आणि मला वाटलं, मी मेले आणि माझ्या जागी कुणीतरी दुसरी पोरगी आणून उभी केली, आणि तिची भांडी आमच्याच दुकानात मांडलीत. तेवढ्यात आतून आप्पांनी मान वर केली. हातात शेवटची वाटी होती. लई खुशीत होते. म्हणाले, बघ बरं, जमलंय का. मी काही न बोलता घरी गेले.

बोलले दुपारी, जेवताना. चुलते होते, आई वाढत होती. मी ताट पुढं सरकवलं आणि म्हणाले, "त्या नावाच्या पोरीला हुडका आन तिचं लग्न लावा तिकडं. मी न्हाई जायची."

मग काय विचारता. चुलते ताडकन उठले. भांड्यावरच्या नावापायी कुणी लग्न मोडतं का, पत्रिका वाटून झाल्यात, शिकवलं म्हणूनच हे दिवस आले, सगळं बोलून झालं त्यांचं. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी पण कमी नव्हते, मी मोठ्यानं सांगितलं की मला त्या मुलाचा राग नाही, घरचा राग नाही, पण मला विचारायला पाहिजे होतं. आप्पांकडं बघून सांगितलं. अर्ध्या जेवणावरून उठून आप्पांनी हात धुतला आणि दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच बिलोलीला गेले. संध्याकाळी परत आले, चपला काढल्या, पाय धुतले आणि म्हणाले, "मोडलं." त्याच्यापुढं काही नाही. कुणी मोडलं, काय बोलणं झालं, चहा दिला का शिव्या दिल्या, काही नाही. चुलत्यांनी खोदून खोदून विचारलं, पण आप्पांनी ताकास तूर लागू दिली नाही. गावानं मग आपल्या मनानं ठरवून टाकलं की पोरगी हट्टी निघाली म्हणून पोराकडच्यांनी मोडलं. मीही तेच धरून चालले.

एक्कावन्नपैकी पन्नास भांडी आप्पांनी लातूरला पॉलिशवाल्याकडं पाठवली, नाव घासून काढलं आणि दुकानात विकायला लावली. एक ताट मात्र पाठवलं नाही. ते घरी आणलं आणि त्या दिवसापासून त्यात जेवायला लागले. रोज. दोन्ही वेळा. ताटाच्या काठावर ते नाव, त्यांच्याच सुंदर अक्षरातलं. आई म्हणाली, घरात काय ताटं कमी पडलीत का. आप्पा म्हणाले, असू दे.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मीच वाढायची ना त्यांना. भाकरी ठेवायची आणि भाकरीच्या बाजूला ते नाव. मला वाटायचं, हा माणूस तोंडानं बोलत नाही, ताटानं बोलून राहिलाय. बघ, तुझ्यापायी काय झालं. रोज बघ.

दोन वर्षांनी माझं लग्न नांदेडला झालं. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते, शांत माणूस. नावाचा प्रश्नच निघाला नाही, त्यांच्या आईनं मला पहिल्या दिवसापासून माझ्याच नावानं हाक मारली. आप्पांनी भांडी दिली, पहिल्यापेक्षा भारी दिली, जाड पत्र्याची. सगळी कोरी. एका वाटीवरसुद्धा नाव नाही. मी निघताना विचारलं तर म्हणाले, टाकू की नंतर, घाई काय हाय.

नांदेडला मला शाळेत नोकरी लागली, आम्ही कॉलनीत राहायला गेलो. तिथं पण तेच, बारसं असो, सत्यनारायण असो, भांडी एकमेकांकडून न्यायची. माझी दोन बगुणी गेली, एक परात गेली, चांगलं पिंप गेलं. नाव नाही म्हटल्यावर कुणाला कशावर बोट ठेवून सांगणार? शेवटी मी नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला लाल ठिपका दिला. शेजारच्या वहिनींनी बघितलं आणि हसत म्हणाल्या, अहो, तुमच्या वडिलांचं तर भांड्यांचं दुकान आहे ना? मी पण हसले. घरात येऊन दार लावून रडले.

आप्पांना मी तीनदा म्हणाले. पहिल्या दिवाळीला म्हणाले तर मशीन बिघडली होती. पोरगी झाल्यावर बाळंतपणाला गेले तेव्हा म्हणाले तर, आराम कर, भांडी कुठं पळून चाललीत का, असं उत्तर आलं. तिसऱ्या वेळेला मी नांदेडहून पितळेचा तांब्या पिशवीत घालून एसटीनं घेऊन गेले. माझा रोजचा पाणी प्यायचा तांब्या. तो त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, आता टाका. आप्पांनी तांब्या हातात घेतला, फिरवून बघितला, बूड बघितलं, लाल ठिपका बघितला आणि परत माझ्या पिशवीत ठेवला. म्हणाले, लाईट न्हाई. त्यांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

त्यानंतर मी विचारलं नाही. जात होते, येत होते, दिवाळी-पंचमीला माहेरपण घेत होते. त्यांनीही काही कमी केलं नाही. माझ्या पोरीच्या शाळेच्या डब्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं रेणापूरहून आलं, कोरं. पोरगी लग्नाची झाली तेव्हा मात्र मी तिला घेऊन आप्पांकडं गेले नाही. नांदेडलाच एका दुकानात भांडी घेतली आणि तिथंच नाव टाकलं. आप्पांना ते लागलं असणार. लागू दे, असंच वाटलं मला तेव्हा. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आई गेली. आप्पांचा उजवा हात कापायला लागला. पहिल्यांदा चहाची बशी हलायची, मग चमचा. भावानं दुकान हातात घेतलं, मोठं केलं, कॉम्प्युटरवर नाव टाकायची मशीन आणली. आप्पा गल्ल्यामागं खुर्चीवर बसून राहायचे. नुसते.

गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांना नांदेडला डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. महिना-दोन महिने इथंच राहावं लागणार होतं, म्हणून माझ्याकडं आले. भाऊ सोडून गेला. मी त्यांची पिशवी रिकामी करत होते. धोतरं, बंड्या, औषधं, चष्मा, आणि सगळ्यात खाली टॉवेलात गुंडाळलेलं ते ताट.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हातारा माणूस, आजारी माणूस, काही सुचलं नाही मला. ताट घेऊन तशीच बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांच्यापुढं आदळलं. म्हणाले, "आप्पा, तीस वर्षं झाली. माझ्या घरात येऊनपण मला हेच दाखवणार का?"

आप्पा ताटाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं.

"तुला दाखवायला?" म्हणाले.

मग ते हळूहळू बोलले. आयुष्यात एका दमात इतकं बोललेलं मी त्यांना ऐकलं नव्हतं. बिलोलीला ते गेले तेव्हा त्या माणसांनी चांगलं वागवलं होतं. मुलाचे वडील म्हणाले, अहो नावाचं काय घेऊन बसलात, चार दिवसांत सवय होईल पोरीला. आप्पा म्हणाले की ते ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यापुढं दुकान आलं. हेच वाक्य दुकानात प्रत्येक पोरीचा बाप बोलायचा आणि आप्पा प्रत्येकाशी भांडायचे. आणि आपल्याच पोरीच्या वेळी आपणच तो बाप झालो. ते चहा न पिता उठले आणि लग्न होणार नाही असं सांगून आले. मोडलं ते आप्पांनी. पोराकडच्यांनी नाही.

मी म्हणाले, मग गावाला का नाही सांगितलं? लोक मला हट्टी म्हणून राहिले होते. चुकलं म्हणाले. नुसतं चुकलं.

ताटाचं मात्र उत्तर होतं. "सगळ्या पोरींना इचारलं आन घरच्या पोरीला न्हाई इचारलं," ते म्हणाले. "रोज जेवताना ध्यानात ऱ्हावं म्हनून ठेवलं ते. तुझ्यासाठी न्हाई, माझ्यासाठी."

मी तरी सोडायला तयार नव्हते. मग माझ्या भांड्यांवर नाव का टाकलं नाही, तांब्या पुढ्यात आणून ठेवला तरी का टाकलं नाही, असं विचारलं.

आप्पा म्हणाले, "इचारल्याबिगर टाकता येत न्हाई. आन तुला इचारायला तोंड न्हवतं."

एवढंच. म्हणजे तीस वर्षं मी त्यांच्याकडं नाव मागत होते, आणि नाव टाकायचं म्हणजे आधी तो प्रश्न विचारायचा, आणि त्या एका प्रश्नापाशी हा माणूस अडकून बसला होता. मी रडले. चांगली मोठ्यानं रडले, पन्नाशी उलटलेली बाई. आप्पा कापत्या हातानं माझ्या पाठीवर थोपटत राहिले आणि मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्हीतलं आधी काय आलं ते सांगता यायचं नाही.

दोन दिवसांनी त्यांनीच मला भावाला फोन लावायला सांगितला. म्हणाले, येताना जुनी मशीन घेऊन ये, माळ्यावर खोक्यात हाय. भाऊ रविवारी मशीन घेऊन आला खरा, पण मला बाजूला घेऊन म्हणाला की त्यांचा हात बघतेस ना, उगी बोटाला लागलं म्हणजे? तुझी सगळी भांडी दे, मी एका दिवसात टाकून पाठवतो. मी त्याला जेवायला वाढलं आणि रेणापूरची गाडी दाखवली.

दुपारी मी तो पितळेचा तांब्या चिंच लावून घासला, पुसला आणि आप्पांपुढं ठेवला. बुडाचा लाल ठिपका कधीच निघून गेला होता. आप्पांनी चष्मा घातला. भिंतीला पाठ टेकून मांडी घातली, तांब्या मांडीवर आडवा घेतला, मशीनची पिन लावायला सांगितली. मग वर बघून विचारलं, लाईट हाय का?

"पंखा फिरून राहिलाय की, आप्पा," मी म्हणाले.

ते हसले. गालातल्या गालात, चोरी पकडल्यासारखे. मग मशीन हातात घेतली, एकदा गुर्र करून बघितली, बंद केली. मान वर केली. मला जन्मभर त्यांनी अक्का म्हणूनच हाक मारली होती. पण त्या वेळी अक्का म्हणाले नाहीत. दुकानात बसून विचारायचे तसंच, त्याच आवाजात विचारलं.

"बाई, काय नाव टाकायचं?"

तीस वर्षं मी याचं उत्तर तयार ठेवलं होतं. मी माझं नाव सांगितलं. बारशाला ठेवलेलं, शाळेच्या हजेरीतलं.

त्यांनी मान हलवली आणि हात तसाच धरून ठेवला. सवय होती ती. बाईच्या नावाला पुढं काहीतरी लागतंच, बापाचं, नवऱ्याचं, आडनाव. "पुढं?" म्हणाले.

"पुढं काही न्हाई, आप्पा. एवढंच."

आप्पा "बरं" म्हणाले आणि मशीन चालू केली.

आधी वरची रेघ ओढली. ती हलली, वर गेली, खाली आली. मी डावा हात पुढं केला, त्यांचं मनगट धरावं म्हणून, तर त्यांनी कोपरानं बाजूला सारला. मग एकेक अक्षर अडकवलं. एक झालं की थांबायचे, हात मांडीवर ठेवायचे, दम घ्यायचे, परत धरायचे. तीन अक्षरांना चहाची वेळ झाली. तांब्या डोळ्याजवळ नेऊन त्यांनी बघितला आणि तोंड वाकडं केलं. लई वंगाळ झालंय, भावाकडं दे, घासून नीट टाकून दील, असं म्हणायला लागले. मी तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला. याला आता कुणी हात लावायचा नाही, असं त्यांना सांगितलं, जरा ओरडूनच सांगितलं.

संध्याकाळच्या गोळ्या मी त्यांना त्याच तांब्यातल्या पाण्यानं दिल्या. मग जेवायला वाढायला घेतलं आणि रोजच्यासारखं त्यांचं ताट आणायला उठले.

"ते ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "तुझ्या घरातलं कंचंबी दे."